मुंबई ते लंडन: अंतर किती, वेळ किती

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. काका-काकू जानेवारीत मुंबईहून तुझ्याकडे लंडनला येतायत, हे वाचून फार आनंद झाला. 7,200 किलोमीटर भागिले ताशी 900, म्हणजे आठ तास, हा तुझा हिशेब मात्र धरू नकोस. थेट विमानाच्या तिकिटावर साधारण साडेनऊ-दहा तास दिसतील, तेच खरे.

7,200 हा आकडा चुकीचा नाही. तो गोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेचा आहे. घरातल्या पृथ्वीगोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून बघ. सपाट नकाशावर रेघ मारली तर तिचा मध्य सीरियाच्या आसपास पडतो, पण दोऱ्याचा मध्य येतो थेट उत्तर आर्मेनियात, जॉर्जियाच्या सीमेजवळ. हा दोरा कराचीवरून निघतो आणि पुढे युक्रेनवरून जातो, आणि घोळ इथेच आहे. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 मध्ये नागरी विमानांना बंद झालं, पाकिस्तानचं एप्रिल 2025 मध्ये भारतीय कंपन्यांना. मग त्यांची विमानं अरबी समुद्रावरून वळसा घेतात. तिकीट कुठल्या कंपनीचं, यावरही वेळ बदलते ती यामुळे.

त्यात वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात तर फारच. येताना ते समोरून लागतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून काका-काकूंचा परतीचा प्रवास तासभर तरी कमी भरेल.

शिवाय तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि गर्दीत उड्डाणासाठी रांग लागते. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर गर्दी असली की उतरण्याआधी आकाशातच घिरट्या घालाव्या लागतात.

घड्याळाचं सांगतो. जानेवारीत फरक साडेपाच तासांचा. विमान इथून दुपारी 1 ला सुटलं आणि दहा तास लागले, तर इथे रात्रीचे 11, तुझ्याकडे संध्याकाळचे 5:30. मार्चच्या शेवटच्या रविवारी तुमची घड्याळं तासभर पुढे जातात आणि फरक साडेचार तासांवर येतो. ते मार्चअखेर परतणार असतील तर हे पुन्हा तपासून घे.

दुबईमार्गे स्वस्त पडतं, हे खरं. अंतरही फारसं वाढत नाही: सुमारे 1,930 आणि 5,500, मिळून 7,430. वेळ जातो तो मधल्या थांब्यात. पण त्या वयात मध्यरात्री टर्मिनलमधून चालणं, पुन्हा तपासणी, हे नकोच. थेट विमान घे.

व्हीलचेअर तिकिटाबरोबरच मागून ठेव, निदान 48 तास आधी. ती घेणाऱ्यांना बहुतेक वेळा सगळ्यांच्या शेवटी उतरवतात. फोनवर ‘लँडेड’ दिसलं तरी गेटपर्यंत दहा-पंधरा मिनिटं, मग इमिग्रेशन, मग सामान. विमान टेकल्यावर दीड तासाने ते बाहेर येतील असं धर, आणि पार्किंगमध्ये गाडी त्या अंदाजानेच आण. काकूंना जाड स्वेटर हातातल्या बॅगेत ठेवायला सांग, चेक-इनच्या बॅगेत नको.

तिकीट काढलंस की फ्लाइट नंबर कळव. मुंबईहून किती वाजता निघालं ते बघून मी तुला लगेच कळवीन.

तुझा,
मिलिंद