मारिओ गेला, ढग राहिले

महोदय,

जुन्या व्हिडिओ गेममध्ये फेरफार करणं म्हणजे रिकामटेकडेपणा, असं समजणाऱ्यांत परवापर्यंत मीही होतो. मग मुलाने कोरी आर्केंजल या अमेरिकन कलाकाराचं २००२ सालचं काम दाखवलं. त्याने 'सुपर मारिओ ब्रदर्स' या गेमची कार्ट्रिज (टीव्ही गेमच्या यंत्रात घालायची कॅसेट) उघडली, चित्रांची चिप तशीच ठेवली आणि प्रोग्रामची चिप काढून स्वतःच्या प्रोग्रामची बसवली. मारिओ, विटा, पाइप सगळं गायब. उरलं निळं आकाश आणि सरकणारे ढग. खेळायचं काय? काहीच नाही! आज हे काम न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात आहे. शिवाय कृती आणि कोड त्याने इंटरनेटवर खुला ठेवला.

आमच्या पिढीने कार्ट्रिजमध्ये फुंकर मारून मारून हा गेम खेळला (आमची '९९९९ गेम'वाली, त्यात खरे गेम मोजून चार). पण ढगांकडे कोण बघणार? वर उरलेल्या वेळेचे आकडे ४००पासून उतरत असायचे. खालची हिरवी झुडपं म्हणजे तेच ढग, फक्त रंग वेगळा, हेही मला आत्ता पन्नाशीत कळलं. जेमतेम ४० किलोबाइटमध्ये सगळा गेम बसवायचा, मग अशी काटकसर आलीच.

आपल्या कला पुरवणीत या प्रकारावर सविस्तर लेख यावा, ही विनंती. आमची कार्ट्रिज माळ्यावर सापडली आहे. मुलगा सोल्डरिंग गन घेऊन तयार आहे, मीच अजून स्क्रू काढू देत नाही.

– एक वाचक, ठाणे