डार्क एनर्जीवरच्या शंका: मित्रास पत्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

‘डार्क एनर्जी खोटी निघाली म्हणे!’ हे बातमीच्या मथळ्यावरून लिहिलेलं तुझं वाक्य वाचून हसू आलं आणि थोडा रागही. शंका आहेत, चांगल्या भरभक्कम आहेत. पण कुठली शंका कशावर आहे, ते तरी बघशील की नाही?

1998 साली दोन गटांना दूरचे सुपरनोव्हा, म्हणजे फुटणारे तारे, अपेक्षेपेक्षा अंधुक दिसले. म्हणजे ते जास्त लांब होते, म्हणजे विश्वाचं प्रसरण वेग घेतंय. हा वेग वाढवणाऱ्या अज्ञात ऊर्जेचं नाव डार्क एनर्जी. पर्लमटर, श्मिट आणि रीस यांना 2011 चं नोबेल मिळालं ते या शोधासाठी. वेग का वाढतो, हे तेव्हाही कुणी सांगितलं नव्हतं. आइनस्टाइननं 1917 मध्ये समीकरणात घातलेला स्थिरांक वापरला की हिशेब जुळतो, एवढंच. हा स्थिरांक म्हणजे रिकाम्या पोकळीची ऊर्जा असं धरून ती क्वांटम सिद्धांतावरून काढायला गेलं, तर सरळसोट अंदाज एकावर सुमारे 120 शून्यं इतक्या पटीनं जास्त येतो. विश्वाचा जवळपास 70 टक्के भाग आपण या अज्ञानाच्या नावावर मांडलाय!

आता ताजी भानगड. अ‍ॅरिझोनातल्या ‘डेसी’ प्रकल्पानं 1 कोटी 40 लाखांहून जास्त दीर्घिका आणि क्वेसार (दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं) मोजले. मार्च 2025 मध्ये त्यांनी सांगितलं, की ही ऊर्जा स्थिर नसून काळानुसार क्षीण होत असावी. खात्री किती? 2.8 ते 4.2 सिग्मा (सिग्मा जितका जास्त, तितकी निव्वळ योगायोगाची शक्यता कमी). शोध लागला म्हणायला 5 लागतात. मला खटकतो तो हा पल्ला. डेसीची मोजमापं तीच, आदिम प्रारणाची, म्हणजे विश्वाच्या बालपणापासून उरलेल्या प्रकाशाची, तीच. सोबत सुपरनोव्हांची कुठली यादी घेतली, एवढ्यावर आकडा हलतो. जवळचे स्फोट एका दुर्बिणीनं, लांबचे दुसऱ्या, कधी वीस वर्षांच्या अंतरानं टिपलेले. मध्ये धूळ. शिवाय फुटणारा तारा तरुण की म्हातारा, यावर त्याचं तेज बदलतं का, हा वाद वेगळाच. तेजात काही शतांश मॅग्निट्यूडची (तेज मोजायच्या मापाची) गफलत झाली, तरी ऊर्जा क्षीण होत असल्याचा पुरावा बराच लुळा पडू शकतो.

वेगवाढीचं मात्र तसं नाही. सुपरनोव्हा पूर्ण बाजूला ठेवले, तरी दीर्घिकांची मांडणी आणि आदिम प्रारण मिळून तिच्याकडेच बोट दाखवतात. तुझ्या मथळेवाल्यानं हे गाळलं.

चिलीतली रुबिन वेधशाळा जवळचे आणि लांबचे सुपरनोव्हा एकाच कॅमेऱ्यानं टिपणार आहे. तोवर पैज लावायचीच, तर माझे पैसे स्थिरांकावर. तू उलट बाजू घेणारच, तेव्हा कारणांसकट लिही.

तुझा,
शंकेखोर मित्र