मंत्रीसाहेब, त्या कागदावरची सही माझी नाही

मा. मृद व जलसंधारण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सा. न. वि. वि.

साहेब, मी बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली शेतकरी बाई. साडेचार एकर जमीन, त्यात नाल्याकाठची सव्वा एकर तेवढी काळी, बाकी बरड. काळी होती म्हणायला पाहिजे, कारण गेल्या आठवड्यात रात्रभर पाऊस झाला आणि ह्याच उन्हाळ्यात नाल्यावर बांधलेल्या सिमेंट बंधाऱ्याला बगल देऊन सगळं पाणी माझ्या रानात घुसलं. बंधारा तसाच उभा आहे, त्याच्या कडेची माती गेली. विहिरीवरून येणारी पाईपलाईन आम्ही तीन फूट खाली गाडली होती, ती आज उघडी पडून हवेत लोंबतीय. तुरीची मुळं बाहेर आलीत आणि सोयाबीन कुठं होतं ते दाखवायला मला पावलं मोजावी लागतात. इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात असं तुमच्याच खात्याच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलं होतं, मग तीन फुटाचा पंचनामा कसा करणार ते सांगा. तलाठी आले, फोटो काढला, म्हणाले पिकाचं लिहितो, मातीचा कॉलम नाही.

हे होणार हे गावातल्या पोरासोरांना पण माहीत होतं. नाला तिथं वळतो, काठ भुसभुशीत आहे, बंधाऱ्याच्या भिंती काठात खोलवर घ्यायला पाहिजे होत्या, त्या दोन हातसुद्धा घेतल्या नाहीत. आणि वर डोंगरावर एक चर नाही, एक दगडी बांध नाही. माथा ते पायथा हे मी पंधरा वर्षांपूर्वी पाणलोटच्या मीटिंगमध्ये पाठ केलंय, आधी वरचं पाणी चालायला लावायचं आणि मग खाली अडवायचं. पण वर चर खोदण्यात मजुराला पैसे मिळतात आणि खाली सिमेंट ओतण्यात गुत्तेदाराला, म्हणून काम कायम खालूनच सुरू होतं.

गेल्या वर्षी शिवारफेरी झाली तेव्हा माईकवरून सांगितलं, गाव ठरवंल तेच काम होणार, गावाची समिती सही करंल तेव्हाच बिल निघणार. आम्ही टाळ्या वाजवल्या हो साहेब. दोन दिवस उन्हात फिरून नकाशावर जागा दाखवल्या, वरचे चर पहिल्या नंबरला लिहिले. माती वाहून गेल्यावर मी ऑफिसला गेले तर फाईल काढून दाखवली, त्यात आराखडा भलताच आणि खाली समितीचा ठराव, काम समाधानकारक, तिसरी सही माझी. मी समितीत आहे हे मला त्या दिवशी कळलं! सही इंग्रजीत होती. मी बारावी झालीय, पण बँकेत, बचत गटात, पोरीच्या लग्नाच्या कागदावर, आयुष्यात कुठंच मी इंग्रजीत सही केलेली नाही. मी विचारलं ही कुणी केली, तर मला म्हणाले ताई तुम्ही अर्ज द्या. नवऱ्याच्या आजारपणात मी हे रान विकलं नाही, दागिने मोडले पण रान ठेवलं, आणि ज्या कागदानं ते रान वाहून गेलं त्याच्यावर माझंच नाव. त्या रात्रीपासून मला झोप नाही.

माझा भाचा अमेरिकेत नेब्रास्कात नोकरीला आहे, त्याला फोनवर रडत सांगितलं तेव्हा त्यानं तिकडचं सांगितलं. तिथं १९७२ पासून नदीच्या खोऱ्याप्रमाणे जिल्हे पाडलेत, नैसर्गिक संसाधनांचे, आज तसे २३ आहेत. त्यांचं मंडळ लोक मतदानानं निवडतात, त्यात शेतकरीपण बसतात, त्यांना स्वतःचा कर लावता येतो, विहिरीला मीटर लावता येतो आणि नवीन बोअर बंद करता येते. १९७२ साहेब! त्याच साली आमच्या सासूबाई दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या आणि त्याच अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खात होत्या. तिकडून मिलो आणली, ही पद्धत का नाही आणली? आणि कुणी म्हणंल तिकडचं इकडं चालत नाही, तर त्याच दुष्काळातनं पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखेंनी पाणी पंचायत उभी केली, पाणी जमिनीवर नाही तर माणशी वाटलं. हिवरे बाजारला आजपण ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवते, शेतीला बोअर बंद, ऊस बंद. ह्या दोन्ही ठिकाणी गावाच्या शब्दाला किंमत होती. आमच्याकडं गावाच्या नावाला किंमत आहे, कारण त्याशिवाय बिल निघत नाही.

कायदा नाही असंपण नाही. भूजलाचा २००९ चा कायदा आहे, २०१४ ला लागू झाला, त्यात पाणलोट क्षेत्राची समिती आहे, शेतीसाठी ६० मीटरच्या खाली विहीर घ्यायला मनाई आहे. आमच्या शिवारात ८०० फुटापर्यंत बोअर गेल्यात, एका सीझनला चाळीस तरी गाड्या येऊन गेल्या असतील, एकाला नोटीस आली का? ७३ वी घटनादुरुस्ती झाली, अकराव्या सूचीत मृदसंधारण, पाणलोट सगळं पंचायतीच्या नावावर लिहिलं, आणि इस्टिमेट तालुक्यात, टेंडर जिल्ह्यात, एमबी म्हणजे कामाच्या मोजमापाचं पुस्तक इंजिनीअरच्या बॅगेत. सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेवर ९,६०० कोटींच्या वर गेले आणि २०२० मध्ये सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगनं सांगितलं की भूजल पातळी वाढवण्यात फारसा फरक पडला नाही. त्याच्यावर २०२३ ला पुन्हा जलयुक्त २.० आलं. सिंचनावर ७०,००० कोटी गेले तेव्हा पण असंच झालं, चौकशी झाली, चर्चा झाली, आणि देशात सगळ्यात जास्त मोठी धरणं ज्या राज्यात आहेत तिथं मी मार्चपासून टँकरची वाट बघते. सरकार ह्याचं असो त्याचं असो, आमच्या नाल्यावर जेसीबी तोच असतो. खोलीकरणाच्या नावाखाली मुरूम काढून विकला, नाला खडकापर्यंत खरवडला, शेजारच्या दोन विहिरी त्यानंतर जानेवारीतच तळाला गेल्या, आणि फोटो मात्र पाणी भरलेल्या दिवसाचा, जिओटॅग करून. त्या फोटोवर पुरस्कार देता तुम्ही लोक, एप्रिलमध्ये या ना कधी फोटो काढायला.

मला नुकसानभरपाईचे हेक्टरी काय ते हजार नकोत असं म्हणणार नाही, द्या, गरज आहे. पण आधी त्या बंधाऱ्याचं राहिलेलं बिल थांबवा. समिती ग्रामसभेत हात वर करून निवडू द्या, निम्म्या बायका घ्या, कारण पाणी आणायला आम्ही जातो. कामाचं मोजमाप समितीसमोर टेप लावून होऊ द्या आणि एमबीची झेरॉक्स पंचायतीच्या बोर्डावर लागू द्या. काम चुकीच्या जागी असेल तर ते थांबवायचा अधिकार त्या समितीला लेखी द्या. आणि माझ्या रानाच्या वर सलग समतल चर मारा, पुढच्या मिरगाच्या आत, नाहीतर उरलेली माती पण जाईल.

आणि ती इंग्रजी सही कुणी केली ते मला लेखी कळवा. ह्या पत्राखाली मी सही करते आहे, मराठीत, नेहमी करते तशी. ताडून बघा.

एक शेतकरी बाई
बालाघाट डोंगरपट्टा, मराठवाडा