ताज्या टॅटूचे छायाचित्र फसवे असते

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अलीकडे ‘ब्लॅक अँड ग्रे’, म्हणजे केवळ काळ्या शाईच्या गडद-फिक्या छटांतून काढल्या जाणाऱ्या टॅटूंवर पानभर लेख आला. गेली अकरा वर्षे मी कोल्हापुरात हेच काम करते. आमच्या कामाला मराठी वर्तमानपत्रात एवढी जागा मिळाली, याचा आनंद आहेच. तरीही त्या पानाविषयी एक तक्रार नोंदवावीशी वाटते, आणि ती मजकुरापेक्षा छायाचित्रांविषयी अधिक आहे. पानावरची सगळीच्या सगळी छायाचित्रे नुकत्याच संपलेल्या टॅटूंची होती. कडेची लालसर सूज, वरून फिरवलेल्या व्हॅसलिनची चकाकी आणि डांबरासारखा काळाभोर काळा रंग पाहिला की ते जाणकाराला लगेच कळते. अशा छायाचित्रावरून टॅटूची पारख करणे म्हणजे ओल्या गिलाव्यावरून भिंतीचा रंग ठरवण्यासारखे आहे.

वाचकांना हे बारकावे वाटतील, म्हणून थोडे तपशिलात सांगते. सुई त्वचेत साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल जाते आणि शाई वरच्या थराखालच्या जिवंत थरात ठेवते. पण जाता जाता वरच्या थरातही शाई उरतेच, आणि पहिल्या दिवशी आपल्याला दोन्ही थरांतली शाई एकत्र दिसते. तीन-चार दिवसांनी पापुद्रे सुटू लागतात, दोन-तीन आठवड्यांत वरचा थर नवा येतो आणि त्याबरोबर वरवरची शाई निघून जाते. त्यानंतरही काही आठवडे टॅटूवर दुधाळ झाक राहते. ती ओसरली की जे उरते तो खरा टॅटू. रंगीत कामात हा फरक काही प्रमाणात खपून जातो, कारण लाल फिका झाला तरी तो लालच राहतो. ब्लॅक अँड ग्रेमध्ये मात्र सगळा खेळ एकाच रंगाच्या पायऱ्यांचा असतो, आणि त्यातल्या दोन पायऱ्या बुजल्या तरी चेहऱ्यावरचा गाल सपाट होतो.

या पायऱ्या तयार कशा होतात, हे आपल्या लेखात एका वाक्यात उरकले होते. माझ्या टेबलावर कामाच्या वेळी शाई ठेवायच्या, अंगठ्याच्या नखाएवढ्या तीन टोप्या असतात. एकीत निव्वळ काळी शाई, दुसरीत निम्मे डिस्टिल्ड वॉटर, आणि तिसरीत पाणीच, त्यात शाईचे जेमतेम तीन-चार थेंब. पांढरी शाई मी जवळजवळ वापरत नाही. उजेड दाखवायचा असतो तिथे त्वचा कोरी सोडायची असते, जसा पारदर्शक जलरंगात कागद राखून ठेवावा लागतो. आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या गावात जलरंगाची ही रीत कोणाला समजावून सांगावी असे नाही, पण कागद आणि त्वचा यांत एक फरक आहे. कागद घट्ट बसवलेला असतो. त्वचा मला डाव्या हाताच्या तीन बोटांनी सतत ताणून धरावी लागते, कारण सैल त्वचेवर फिरलेली सुई डाग पाडते. काम खालच्या कोपऱ्यातून वर न्यावे लागते, नाहीतर पुसताना तळव्याखाली जांभळे स्टेन्सिलच, म्हणजे त्वचेवर आधी उमटवलेला चित्राचा आराखडाच, निघून जातो. कोळशाच्या चित्रात चुकले तर खोडरबर असतो. इथे तो नाही. एकाच जागी सुई दोनदा जास्त फिरली तर ती जागा कायमची एक पायरी गडद होते, आणि सुई जास्त खोल गेली तर शाई आत पसरून रेषेभोवती निळसर धूर धरल्यासारखे दिसते.

आता आपल्याकडच्या त्वचेचा प्रश्न. त्याचा लेखात उल्लेखही नव्हता, आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे. त्वचेला सावळेपणा देणारे द्रव्य वरच्या थरात असते आणि शाई त्याच्या खाली. म्हणजे टॅटू आपण नेहमी त्वचेच्या रंगातूनच पाहतो, चहाच्या रंगाच्या काचेतून पाहावे तसा. गोऱ्या कातडीवर उठून दिसणारा तिसऱ्या टोपीतला पुसट करडा गव्हाळ किंवा सावळ्या दंडावर बरा झाल्यावर उरतच नाही. ग्राहक मात्र परदेशी कलाकाराच्या कामाचा फोटो मोबाइलवर दाखवून ‘अगदी असाच करा’ म्हणतो. तसाच केला तर पहिल्या दिवशी तो खूष होतो आणि तीन महिन्यांनी शाई हलकी होती का, असे विचारतो. शाई हलकी नसते. सावळ्या त्वचेवर छटा कमी आणि एकमेकींपासून लांब ठेवाव्या लागतात, काळा न घाबरता काळा ठेवावा लागतो, आणि कोरी जागा गोऱ्या त्वचेवर सोडतो त्यापेक्षा जास्त सोडावी लागते. हे कोणी शिकवत नाही. मी ते एक काम बिघडवून शिकले.

तो बिघाड माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या दंडावर आहे. या व्यवसायात दुसरेच वर्ष होते आणि त्याला विठ्ठल हवा होता. पंढरपूरची मूर्ती काळ्या पाषाणाची, म्हणून मी चेहरा गडद करड्याने भरत गेले. जिथे मोकळे वाटले तिथे पुन्हा भरले. संपले तेव्हा तो ओला, चकचकीत विठ्ठल इतका देखणा दिसत होता की मी त्याचे छायाचित्र दुकानाच्या पाटीवर छापले. दोन महिन्यांनी नाक गेले. सहा महिन्यांनी डोळे आणि गाल एकाच रंगाचे झाले. आज तिथे उंच मुकुट आणि कानांतली मकरकुंडले ओळखू येतात, मधे फक्त सावली आहे. काळा विठ्ठल काढायचा तर काळा भरून चालत नाही. नाकाच्या कडेला, खालच्या ओठावर आणि कपाळाच्या टिळ्याशेजारी त्वचा तशीच सोडावी लागते, तेव्हा उरलेला भाग पाषाण वाटतो. त्यानंतर मी तीसेक विठ्ठल काढले असतील, आणि प्रत्येक वेळी स्टेन्सिल लावल्यावर आधी ‘इथे सुई न्यायची नाही’ अशा जागा पेनाने गोल करून ठेवते.

आपल्या लेखात या शैलीला ‘परदेशातून आलेली नवी फॅशन’ म्हटले होते. परदेशातून आली हे खरे, पण ती नवी नाही आणि तिचा जन्म फॅशनमधून झालेला नाही. कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांत मेक्सिकन वंशाच्या कैद्यांकडे रंग नव्हते. कॅसेट प्लेयरची मोटर आणि गिटारची तार यांचे यंत्र बनवून आणि काजळी धरून केलेली शाई वापरून ते एका बारीक सुईने काम करत, आणि छटा मिळवायला तीच शाई पातळ करत. 1975 साली पूर्व लॉस एंजेलिसमध्ये चार्ली कार्टराइट आणि जॅक रूडी यांनी ‘गुड टाइम चार्लीज टॅटूलँड’ नावाचे दुकान काढले आणि तुरुंगातली ती बारीक रेष बाजारपेठेत आणली. स्वतः कोठडीत हे काम शिकलेले फ्रेडी नेग्रेटे थोड्याच काळात त्यांना येऊन मिळाले. काजळी आणि सुई हे साहित्य आपल्यालाही परके नाही. माझ्या आजीच्या मनगटावर जत्रेतल्या गोंदणारणीने काढलेली तुळस होती, तीही काजळीचीच. आजी म्हणायची की ती काळी होती, पुढे हिरवी झाली. शाई बदललेली नसते. काळे कण त्वचेत खोलवर असले की निळा प्रकाश तेवढा आतून विखरून परत येतो, म्हणून खोल गेलेले जुने गोंदण हिरवट-निळे दिसते. आजीच्या तुळशीची पाने मात्र साठ वर्षांनंतरही मोजता येत होती, कारण गोंदणारणीने पानापानात मोकळी जागा ठेवली होती. तिला कोणी छटा शिकवल्या नव्हत्या, पण वयोमानाने रेष जाड होते हे तिला माहीत असावे.

रेष जाड का होते, हेही आता बरेचसे कळले आहे. शरीर शाईला परका पदार्थ समजते आणि त्वचेतल्या संरक्षक पेशी तिचे कण गिळून बसतात. फ्रान्समधील संशोधकांनी 2018 साली उंदरांवरील प्रयोगातून दाखवले, की अशी पेशी मेली की तिच्यातले कण बाहेर पडतात आणि शेजारची नवी पेशी ते पुन्हा गिळते. टॅटू टिकतो तो या हस्तांतरामुळे, आणि माझी समजूत अशी आहे की वर्षानुवर्षांच्या या देवाणघेवाणीत कण थोडे थोडे सरकतही असावेत. म्हणून फार लहान चेहरा काढू नये. गेल्या वर्षी एक तरुण दिवंगत आईचा पासपोर्ट आकाराचा फोटो घेऊन आला. फोटो समोरून फ्लॅश मारून काढलेला होता, म्हणजे चेहऱ्यावर सावलीच नव्हती, आणि टॅटू मनगटावर, दोन रुपयांच्या नाण्याएवढा हवा होता, तोही दुसऱ्या दिवशीच्या वर्षश्राद्धापूर्वी. मी त्याला घरातला दुसरा एखादा फोटो, खिडकीशेजारी बसलेला, स्वयंपाकघरातला, कसाही चालेल, शोधायला सांगितले आणि तळहाताएवढी जागा मागितली. तो नाराज होऊन दुसरीकडे गेला. आठ महिन्यांनी परत आला तेव्हा मनगटावर अंगठ्याचा ठसा उमटावा तसा एक डाग होता. ज्याने तो काढला त्याला मी दोष देणार नाही, कारण माझ्या भावाचा दंड मला रोज दिसतो. पण त्या मुलाने जाण्यापूर्वी त्या दुकानातल्या एखाद्या वर्षभर जुन्या चेहऱ्याचे छायाचित्र मागितले असते, तर त्याला आपसूक कळले असते.

माझी विनंती एवढीच आहे. टॅटू काढू इच्छिणाऱ्या वाचकांनी कलाकाराकडे बऱ्या झालेल्या कामांची छायाचित्रे मागावीत, शक्यतो वर्षापूर्वीच्या कामाची, व्हॅसलिनशिवाय आणि दिवसाच्या उजेडात काढलेली, आणि ती स्वतःच्या वर्णाच्या जवळच्या त्वचेवरची असतील असे पाहावे. ती दाखवायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडे जाऊ नये, मग तो सहा तासांचे काम दोन तासांच्या पैशांत करून देत असला तरी. (सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडले जाते का आणि टोपीत उरलेली शाई टाकून दिली जाते का, हेही पाहावेच. मी दुकान काढले तेव्हा नोंदणी करताना वापरलेल्या सुया कुठे टाकता, असे मला कोणीही विचारले नव्हते, त्यामुळे ही तपासणी तूर्त ग्राहकालाच करावी लागते. आणि नियमित रक्तदान करणाऱ्यांनी टॅटूनंतर बारा महिने रक्त देता येत नाही हे लक्षात ठेवून तारीख ठरवावी.)

आपल्या संपादकीय विभागालाही सुचवावेसे वाटते, की यापुढे टॅटूचे छायाचित्र छापताना त्याखाली तो किती महिन्यांचा आहे एवढे चार शब्द छापावेत. वाचकांच्या नजरेला सवय व्हायला तेवढे पुरेल. छायाचित्रकाराला माझ्याकडे पाठवल्यास पाच, सात, नऊ वर्षांपूर्वीची कामे असलेली माणसे मी बोलावून ठेवीन. भावालाही विचारले आहे. तो दंड दाखवायला तयार आहे, मात्र त्या विठ्ठलावर दुसरे काही काढून तो झाकायचा नाही, ही त्याची जुनी अट अजून कायम आहे.

आपली विश्वासू,
एक टॅटू कलाकार, कोल्हापूर