एन्लार्जर पाठवतो, पण आधी खिडकीचं माप कळव

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू माझं ते निगेटिव्हवरून फोटो मोठा करायचं यंत्र, एन्लार्जर, मागितलंस आणि माझा आवाज चढला. फोन ठेवल्यावर तुझी आई बराच वेळ गप्प होती. रात्री ताट वाढताना एवढंच म्हणाली, "पोरीनं एन्लार्जर मागितला, जमीन नाही मागितली." म्हणून हे पत्र. फोनवर मला शेवटपर्यंत नीट बोलताच येत नाही, मध्येच घसा धरतो.

तू पाठवलेले दोन्ही प्रिंट मिळाले. टेबलावर शेजारी शेजारी ठेवून भिंगाखाली बघितले. पहिल्याची पांढरी चौकट करडी पडलीय. कागद ट्रेमध्ये असताना कुठून तरी उजेड शिरत होता, बहुतेक दाराखालून. दुसऱ्याची चौकट मात्र दुधासारखी पांढरी आहे. मंडईतल्या त्या फुलवाल्या आजींच्या लुगड्याचा काळा किती खोल आलाय, आणि तरी त्यातली एकेक निरी सुटी दिसते. असा काळा काढायला मला दादूमामाच्या हाताखाली चार वर्षं लागली. तुला तीन महिने लागले. प्रिंट मी नानांच्या फोटोखाली लावलाय, येईल त्याला दाखवतो.

पण त्या पांढऱ्या चौकटीनंच माझी झोप घालवली. ती तशी आली याचा अर्थ तू दाराची फट टेपनं बंद केलीस. खिडकीला काळा कागद लावलास. एक्झॉस्टच्या भोकात काय कोंबलंस ते तूच सांग. उजेडाला वाट राहिली नाही, म्हणजे वाऱ्यालाही राहिली नाही. आणि त्या एवढ्याशा बाथरूममध्ये रसायनांचे तीन ट्रे घेऊन दोन-दोन तास तू बसतेस. तू, जिच्या छातीची घुरघुर ऐकत आम्ही किती रात्री काढल्यात.

तुला आठवत नसेल. तू चार वर्षांची होतीस. तेव्हा डार्करूम मागच्या खोलीत होती, मध्ये फक्त पडदा आणि एक फळीचं दार. लग्नसराई होती, मी रात्री दोनपर्यंत प्रिंट काढत होतो. आईनं दार ठोठावलं. मी आतून ओरडलो, थांब, कागद उघडा आहे. कागद डब्यात ठेवून दार उघडेपर्यंत एखादं मिनिट गेलं असेल. तुझे ओठ निळसर झाले होते. शेजाऱ्यांच्या गाडीवरून तुला मिरजेला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, घरात कशाचा धूर होतो का? धूर नव्हता. हायपोचा, म्हणजे प्रिंट पक्का करायच्या द्रावणाचा, वास होता. हायपोत मेटा, म्हणजे मेटाबायसल्फाइट, घातलं की त्यातून गंधकाचा वायू सुटतो, आणि दम्याच्या माणसाला तो थोडासुद्धा सोसत नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळं सामान मी माळ्यावर हलवलं. ते एक मिनिट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही.

माझी बोटं तू लहानपणी मोजायचीस, त्यांच्या चिरांवरून हात फिरवत विचारायचीस, बाबा, इथं कुणी कापलं? कुणी कापलं नव्हतं. ते मेटॉल, डेव्हलपरमधलं रसायन. आम्ही चिमटे वापरत नव्हतो, कागद हातानंच फिरवायचा, कारण बोटाला कळतं डेव्हलपर गार पडलाय की नाही. सात-आठ वर्षांनी बेचक्यांत खाज सुटली, मग कातडी फाटायला लागली. अजून हिवाळ्यात रक्त येतं. तेव्हा मोजे घाल. कंटाळा आला तरी घाल.

बघ, लागलो सांगायला. पत्र लिहायला बसताना आईला कबूल केलं होतं की उपदेश करणार नाही.

खरं तर हे खूळ तुला लावलं कुणी, तर मीच. २०१९ चा ऑगस्ट. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं आणि आपलं दुकान छतापर्यंत बुडालं. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं, तर निगेटिव्हचे पत्र्याचे डबे चिखलात उलटे पडलेले. १९७८ पासूनचं सगळं काम. मी म्हणालो, टाकून द्या. तूच बादल्या भरायला लागलीस. मग मीच तुला सांगितलं, वाळू देऊ नकोस, निगेटिव्ह वाळली की तिच्यावरचा बटर पेपर कायमचा चिकटतो, पाण्यातच ठेव, पाण्यातच सोडव. तीन दिवस आपण ताईच्या गच्चीवर बसलो होतो. कितीतरी निगेटिव्हवरचं फुगलेलं जिलेटिन दुधावरच्या सायीसारखं बोटाबरोबर निघून यायचं, आणि हातात नुसती कोरी पट्टी राहायची. मी तिसऱ्या-चौथ्याला उठून खाली गेलो. तू उठली नाहीस. कपड्यांच्या दोरीला चिमटे लावून एकेक टांगत गेलीस. नानांचा तालमीतला फोटो तुलाच सापडला. आभाळासमोर धरून म्हणालीस, "बाबा, काळ्याचं पांढरं झालंय तरी नाना ओळखू येतात." मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्यातलं जे वाचलं, त्याचं मोल तूच मला दाखवलंस. दिवाळीनंतर सांगलवाडीचा एक माणूस आला होता. पुरात त्याच्या घरातला वडिलांचा एकुलता एक फोटो गेला होता. रजिस्टर भिजलं होतं, पण नंबर वाचता आला आणि निगेटिव्ह तू टांगलेल्यांत होती. पैसे घेतले नाहीत मी. फोनमधले फोटो असे सापडतील का, मला शंका आहे. तुझ्या फोनमधले आईच्या साठीचे फोटो कुठंतरी उतरवून ठेव बाई, निदान दहा तरी कागदावर घे.

नोकरी सोडायचा विचार आहे म्हणालीस. तू देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांचं नाव घेतलंस. बाईंचं काम मलाही वंद्य आहे, पण त्यांनीसुद्धा १९७० मध्ये कॅमेरा बाजूला ठेवला. मी ठेवला नाही, कारण घर त्याच्यावर चाललं होतं. इंदू छापाच्या फोटो कागदाचे गठ्ठे आणायचो, ऊटीचा आपला सरकारी कारखाना होता तो. तो बंद पडला. २०१२ च्या जानेवारीत कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केल्याचं पेपरात वाचलं, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आता तुम्ही तरुण मंडळी पुन्हा रोल भरताय, याचा मला आनंद आहे, खोटं नाही सांगत. पण माझ्यासाठी ते पोट होतं. तुझ्यासाठी ते सुख आहे. सुखाला पोटाच्या कामाला जुंपलं की... जाऊ दे. तुझं वय झालंय ठरवायचं. चुकलो असेन तर माफ कर.

श्वासाचं मात्र तुझ्यावर सोडणार नाही. सांगतो तसं कर. फिल्मला डेव्हलपरनंतर साधं पाणी पुरतं, दोन-तीनदा बदलायचं. प्रिंटवरचा डेव्हलपर थांबवायला ॲसेटिक ॲसिड वापरू नकोस, लिटरभर पाण्यात पंधरा ग्रॅम लिंबूसत्व घाल, त्याला वास नाही. हायपो साधा वापर, मेटा न घालता. जरा लवकर बाद होतो, होऊ दे. डी-७६ डेव्हलपरची पूड पाण्यात सोडताना ती उडते, तेव्हा ते काम गॅलरीत, तोंडाला फडकं बांधून कर. दम्याचा पंप दाराबाहेर ठेवू नकोस, आत, हाताला लागेल असा ठेव. अंधारात चाचपून सापडला पाहिजे.

एन्लार्जर पुसून ठेवलाय. बेलोजला, त्या घड्यांच्या भात्याला, एक बारीक भोक होतं, त्यावर काळी पट्टी लावली. कंडेन्सरच्या भिंगावरची पुराची बुरशी निघाली, भिंग साफ आहे. पुढच्या शनिवारी तुझा मावसभाऊ गाडी घेऊन पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर देतो.

त्याच्याबरोबर आणखी एक खोकं येईल. प्लायवूडचं करतोय, आत तीन फळ्या आडव्या, एक डावीकडून, एक उजवीकडून, परत एक डावीकडून, आणि आतून सगळं मॅट काळं. उजेड सरळ जातो, दुसऱ्या वळणाला मरतो. वारा वळतो. माळ्यावरच्या डार्करूमला मी असंच केलं होतं, तुझ्या त्या आजारपणानंतर, आणि वीस वर्षांत एक कागद उजेड लागून फॉग झाला नाही. एक्झॉस्टच्या भोकावर हे बसवायचं, पंखा काढायचा नाही, चालू ठेवायचा. दारालाही खालून असंच एक बसेल.

फळ्या कापून ठेवल्यात, पण माप अंदाजानं आहे. बाथरूमच्या खिडकीची लांबी, रुंदी, आणि एक्झॉस्टच्या भोकाचा व्यास इंचात मोजून आजच कळव. टेपनं मोज, डोळ्यानं नको. आणि तोवर ट्रे भरू नकोस मनू, एवढे चार-पाच दिवस थांब.

तुझा
बाबा