चारवरच चालणारा पंखा आणि शेजारचे काका

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

तुमचे आभार चारचौघांत मानावेत असं वाटलं, म्हणून हे उघड पत्र.

अकोल्याचा मे महिना, आईचं डायलिसिस, आणि गाडीचा ब्लोअर, म्हणजे एसीचा वारा फेकणारा पंखा, एक, दोन, तीनवर ढिम्म. चारवर मात्र घोंघावत सुटायचा. डायलिसिसहून परतताना आईला थंडी वाजते, तो झोत तिला सोसवत नाही. बंद केला तर गाडीची भट्टी. वर्कशॉपमध्ये सांगितलं, अख्खी मोटर बदला.

तुम्ही एवढंच विचारलंत, “चारवर चालतोय ना? मग मोटरला काय धाड भरलीय?” खालच्या तिन्ही स्पीडला करंट रेझिस्टरमधून, म्हणजे करंट कमी करणाऱ्या छोट्या भागातून येतो, चारवर थेट मोटरला जातो, म्हणजे रेझिस्टर गेलाय, हे तुम्ही गाडीला हात न लावता ओळखलंत.

गुडघे दुखत असताना तुम्ही दारापाशी स्टूल टाकून बसलात आणि सगळं माझ्याकडून करून घेतलंत. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावलीत. मग डॅशबोर्डचा कप्पा रिकामा करून, दोन्ही बाजू आत दाबून खाली सोडला. रेझिस्टर दोन स्क्रूंवर होता. त्याची एक कॉइल काळी पडून तुटलेली. सॉकेटच्या पिना वितळल्या नाहीत ना, हेही टॉर्च मारून पाहिलंत.

तिथेच थांबला असतात तरी काम झालं असतं. पण तुम्ही एसीचा फिल्टर ओढायला सांगितलात. कडुनिंबाच्या वाळक्या पानांनी आणि धुळीने तो गच्च भरलेला. “रेझिस्टरला याच पंख्याचा वारा थंड ठेवतो. वारा कोंडला की नवाही जळेल. आणि फ्यूज उडाला तर तिथे तार घालायची नाही, कधीच नाही.” हे कुठल्याही बिलावर लिहून मिळालं नसतं, काका.

रेझिस्टर आणि फिल्टर, दोनच वस्तू नव्या आणल्या. आता पंखा एकवरही चालतो. पावसाळ्यात काचेवरची वाफ घालवायला हाच पंखा लागतो, तीही काळजी मिटली. आई येताना दोनवर ठेवायला सांगते आणि दर वेळी तुमची आठवण काढते.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. तेव्हा यंदा तुमच्या कूलरचा पंप मी साफ करणार, नाही म्हणायचं नाही.

तुमचा,
समोरच्या घरातला