रेडिओ ऐकण्याला गुण का नकोत?

महोदय,

प्रौढ शिक्षणाचा विषय निघाला की हल्ली चर्चा थेट मोबाइल अ‍ॅपवर जाते. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे आकाशवाणीने केलेला प्रयोग मात्र फारसा कुणाला आठवत नाही. तेव्हाच्या मुंबई राज्यातील ५ जिल्ह्यांत गावोगावी श्रोतामंडळे स्थापून शेतकऱ्यांना २० कार्यक्रम ऐकवले गेले. खरी गंमत नंतर होती. कार्यक्रम संपला की मंडळी चर्चेला बसत, शंका आकाशवाणीला कळवत आणि उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळत. त्याचे रीतसर मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले होते.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांत हे आजही करता येईल. आकाशवाणीवरील भाषणे, मुलाखती, शेतीविषयक कार्यक्रम नेमून द्यावेत, रविवारी त्यांवर चर्चा घ्यावी आणि टिपणाला गुण द्यावेत. (गुण नसतील तर कुणी ऐकणार नाही, हे जुना मास्तर म्हणून सांगतो.) महाविद्यालयांत मराठी आणि अर्थशास्त्राच्या वर्गांनाही ते चालेल. मात्र वेळ चुकली की कार्यक्रम हातचा जातो. रात्रपाळीच्या कामगाराने काय करायचे? त्यासाठी आकाशवाणीने निवडक ध्वनिमुद्रणे अभ्यासकेंद्रांना विनामूल्य द्यावीत.

– एक निवृत्त शिक्षक, सातारा